गिटारवादकाची ध्वनिवही

मराठी माणूस महाराष्ट्राबाहेर जेथे जेथे वस्तीस गेला, तेथे तेथे त्याच्या सामानात पोथी आणि लोणच्याची बरणी ह्यांच्याबरोबर पेटी-तबल्याची जोडीही गेली. बडोदे असो, इंदूर असो, ग्वाल्हेर असो वा हैदराबाद. संध्याकाळच्या भजनांनी आणि गणेशोत्सवातील गाण्यांनी त्या जोडीला वर्षानुवर्षे काम पुरविले. आता त्याच पेटीशेजारी भिंतीला टेकून ठेवलेली गिटार दिसू लागली आहे. काही वडीलधाऱ्यांना ती अजून पाहुणी वाटते. गोव्यातील वाचकांना मात्र तसे वाटण्याचे कारण नाही. तेथे मांडोच्या गायनाला व्हायोलिन आणि घुमटाबरोबर गिटारीची साथ असतेच. शिवाय ब्रिजभूषण काबरा ह्यांनी १९६७ साली शिवकुमार शर्मांचे संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी ह्यांच्या जोडीने गिटारीवर राग वाजवून दाखविल्यानंतर ह्या वाद्याचे परकेपण बरेचसे सरले, असे म्हणावयास हरकत नाही.

गिटार घरात आली की वर्ष-दोन वर्षांत दुसरी मागणी येते. "मला माझे वाजवणे रेकॉर्ड करायचे आहे. कोणते सॉफ्टवेअर घेऊ?" असे मुलगा किंवा मुलगी विचारते आणि आईवडील गोंधळतात. दुकानदार एक नाव सांगतो, मित्र दुसरे सांगतो, आणि जाहिरात तर शंभर गुण मोजून दाखविते. प्रश्न लहान दिसतो. परंतु त्याच्या उत्तरावर पैसा अवलंबून असतो, आणि त्याहून अधिक म्हणजे मुलाचा उत्साह अवलंबून असतो. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाचा थोडा शांतपणे विचार करावयाचा आहे.

ध्वनिमुद्रण कशासाठी?

वाजवीत असताना वादकाचे निम्मे लक्ष बोटांकडे असते. त्यामुळे कानाला प्रत्यक्षात काय वाजले ह्यापेक्षा काय वाजवावयाचे होते तेच ऐकू येते. दुसरी ओळ आली की लय किंचित पळते, एक तार नीट दाबली न गेल्याने खडखडते, स्वरसमूह बदलताना क्षणभर पोकळी पडते. हे सारे शेजारच्या खोलीतील आजीला कळते, पण वाजविणाऱ्याला कळत नाही. विद्यार्थ्याने आपला निबंध दुसऱ्या दिवशी वाचावा आणि चुका त्यालाच दिसाव्यात, तसे काम ध्वनिमुद्रण करते. मोठ्या शहरांपासून दूर, जेथे गिटारीचा चांगला शिक्षक आठवड्यातून एकदाच भेटतो किंवा भेटतच नाही, तेथे उरलेल्या दिवसांचा शिक्षक हाच.

म्हणून घरगुती ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरकडे छापखाना म्हणून न पाहता वही म्हणून पाहावे. वही चटकन उघडली पाहिजे, लिहून झाले की मिटता आली पाहिजे, आणि महिन्याने मागचे पान सापडले पाहिजे. निवडीची कसोटी एवढीच आहे.

ही कसोटी विसरल्यास काय होते ह्याचे एक उदाहरण माझ्या पाहण्यातील आहे. नववीतील एका विद्यार्थ्याने उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांच्या जुन्या लॅपटॉपवर एकामागून एक पाच सॉफ्टवेअरे उतरवून घेतली. प्रत्येकाचे धडे पाहिले, प्रत्येकातील कृत्रिम ढोल-ताशे वाजवून पाहिले. शाळा उघडली तेव्हा त्याच्याजवळ पाच सॉफ्टवेअरांविषयी पुष्कळ मते होती, परंतु स्वतः वाजविलेले एकही गाणे मुद्रित झालेले नव्हते. त्याला एकच नियम सांगण्यात आला: रोज संध्याकाळी मोबाईलवर एक गत मुद्रित करावयाची, तिला तारीख द्यावयाची, आणि झोपण्यापूर्वी एकदा ऐकावयाची. दिवाळीच्या सुमारास तो आपण होऊन म्हणाला, "सर, मी प्रत्येक वेळी दुसऱ्या ओळीत पळतो." पाच सॉफ्टवेअरांनी जे सांगितले नाही, ते एका वहीने सांगितले.

चार पदरांचा धडा

एकट्या गिटारवादकाने घरीच ध्वनिमुद्रण करण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेतील लेस पॉल ह्या गिटारवादकाने आपल्या हॉलिवुडमधील घराच्या गॅरेजमध्ये यंत्रे मांडून, स्वतःच्याच वादनावर पुन्हा वादन चढवून, १९४८ साली एक ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. तिच्यात आठ गिटारी ऐकू येतात, आणि त्या आठही त्यानेच वाजविलेल्या आहेत. ह्या खटाटोपासाठी त्याला तबकड्यांवर तबकड्या कोराव्या लागल्या. शेवटचा थर चढविताना चूक झाली, तर आधीचेही काम वाया जाण्याची भीती असे.

ही भीती सामान्य वादकाच्या आवाक्यात येईल अशा खर्चात दूर झाली ती १९७९ साली. त्या वर्षी जपानमधील टिॲक कंपनीने 'पोर्टास्टुडिओ' नावाचे यंत्र बाजारात आणले. साध्या कॅसेटवर चार स्वतंत्र पदर त्यात मुद्रित करता येत. एकावर गिटार, दुसऱ्यावर गळा, उरलेल्या दोहोंवर साथ. ब्रूस स्प्रिंगस्टीन ह्या प्रख्यात अमेरिकी गायक-गिटारवादकाने १९८२ च्या जानेवारीत न्यू जर्सीतील भाड्याच्या घरातल्या झोपण्याच्या खोलीत असेच एक यंत्र आणि दोन साधे माइक घेऊन काही गाणी मुद्रित केली. ती केवळ कच्ची टिपणे होती. पुढे मोठ्या स्टुडिओत संपूर्ण वाद्यवृंदासह ती पुन्हा वाजविण्यात आली. परंतु टिपणांतील जिवंतपणा काही केल्या येईना. अखेर खिशात घालून हिंडविलेली ती कॅसेटच 'नेब्रास्का' ह्या नावाने त्याच वर्षी प्रसिद्ध झाली आणि नावाजली गेली.

चार पदर, दोन माइक आणि एक खोली एवढ्यावर जर असे काम होऊ शकले, तर आपल्या घरातील नवशिक्याला आरंभी दोनशे पदरांची सोय कशाला हवी?

सॉफ्टवेअर नेमके काय करते?

माइक हवेतील कंपनांचे विजेच्या कंपनांत रूपांतर करतो. ती कंपने सेकंदाला हजारो वेळा मोजून त्यांचे आकडे लिहून ठेवणे हे संगणकाचे काम. संगीताच्या सीडीसाठी हे मोजमाप सेकंदाला ४४,१०० वेळा होते. माणसाच्या कानाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो, आणि तो नीट टिपण्यास त्याच्या दुपटीहून अधिक मोजमापे लागतात. हे आकडे साठविणे, पडद्यावर त्यांची नागमोडी रेघ दाखविणे, नको तेथे कापणे आणि एकावर एक पदर ठेवून एकत्र वाजविणे हे सॉफ्टवेअरचे काम. ह्या प्रत्येक पदराला ट्रॅक म्हणतात. पारदर्शक कागदावर एकाने झाड काढावे, दुसऱ्या कागदावर घर काढावे आणि दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून चित्र पाहावे, तसाच हा प्रकार. घर पसंत पडले नाही तर तेवढा कागद बदलावा; झाडाला धक्का लागत नाही.

एक अडचण मात्र आधीच समजून घेतली पाहिजे. तार छेडल्यावर तिचा ध्वनी संगणकात जाऊन हेडफोनमधून परत येईपर्यंत थोडा वेळ जातो. हा विलंब सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढा असेल तर बिघडत नाही. आपल्यापासून सुमारे साडेतीन मीटरवर बसलेल्या वादकाचा ध्वनी आपल्यापर्यंत यावयास तेवढाच वेळ लागतो. तो दशांश सेकंदापर्यंत गेला, तर मात्र वादन अशक्य होते. बिनतारी हेडफोन सोयीचे असले तरी त्यांच्यात असा विलंब सहज होतो. म्हणून ध्वनिमुद्रणासाठी वायरचेच हेडफोन वापरावेत. पुष्कळ वेळा दोष सॉफ्टवेअरला दिला जातो आणि खरा अपराधी हा हेडफोन असतो.

गरजांची यादी

बाजारात जाताना आपण सामानाची यादी करतो; येथेही तशीच करावी. एकट्या गिटारवादकाला आरंभी पाच गोष्टी लागतात. एक, बटण दाबताच मुद्रण सुरू व्हावे. दोन, ठेका देणारा मेट्रोनोम असावा आणि त्याच्या मात्रा बदलता याव्यात. कारण आपल्याकडे चारांच्या हिशेबाइतकाच दादऱ्याचा सहांचा आणि रूपकाचा सातांचा हिशेबही लागतो. तीन, पहिला ट्रॅक ऐकत ऐकत दुसरा मुद्रित करता यावा. चार, चुकलेला तेवढाच तुकडा पुन्हा वाजवून बसविता यावा. पाच, तयार झालेले गाणे कोणालाही ऐकता येईल अशा फाईलच्या रूपाने बाहेर काढता यावे.

राग वाजविणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना आहे. पहिल्या ट्रॅकवर पाच मिनिटे नुसता तानपुरा मुद्रित करून ठेवावा आणि तो हेडफोनमधून ऐकत दुसऱ्या ट्रॅकवर गिटार वाजवावी. ही तयारी एकदा केली की महिनोन् महिने उपयोगी पडते.

शेकडो कृत्रिम वाद्ये, चित्रपटाला संगीत जोडण्याची सोय, डझनावारी यंत्रे एकमेकांना जोडण्याची व्यवस्था ह्या गोष्टी वाईट नव्हेत. परंतु त्या यादीत नाहीत. जे यादीत नाही ते फुकट मिळाले तरी घरात जागा अडविते.

कोणते निवडावे?

आता प्रत्यक्ष नावांकडे वळू. पहिली पायरी म्हणजे मोबाईलमधील ध्वनिमुद्रणाची सोय. एकच ट्रॅक, एकच बटण. सुचलेली चाल निसटू नये आणि रोजचा सराव तपासता यावा, ह्यासाठी एवढे पुरेसे आहे. पहिले तीन महिने ह्यापलीकडे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी पायरी ऑडॅसिटी. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९९ साली डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग ह्यांनी हे काम आरंभिले आणि पुढच्याच वर्षी ते सर्वांसाठी खुले केले. ते विनामूल्य आहे आणि विंडोज, मॅक व लिनक्स ह्या तिन्हींवर चालते. जुन्या संगणकालाही त्याचा भार होत नाही. हव्या त्या मात्रांचा ठेका त्यातच तयार करता येतो. मुद्रण करणे, कापणे, स्वच्छ करणे ह्या कामांत ते पक्के आहे. पुष्कळ ट्रॅकांची गुंतागुंतीची रचना करू लागल्यावर मात्र त्याची मर्यादा जाणवते. विंडोजचा साधा संगणक असलेल्या घरासाठी मी आधी ह्याचेच नाव घेईन.

ज्यांच्या घरी ॲपलचा संगणक, टॅबलेट वा फोन आहे, त्यांनी इतरत्र शोधण्याचे कारणच नाही. २००४ साली आलेले गॅरेजबँड त्यांना विनामूल्य मिळते. इलेक्ट्रिक गिटारीसाठी ॲम्प्लिफायरचे निरनिराळे आवाज त्यात तयार आहेत, आणि साथीला ढोलवादकही आहे. धोका एवढाच की, त्या साथीदारांच्या नादात स्वतःचे वादन बाजूला राहते. इतर कंपन्यांच्या यंत्रांवर मात्र ते चालत नाही.

संगणकच नसेल, किंवा दोन गावांतील मित्रांना मिळून एक गाणे करावयाचे असेल, तर बँडलॅब उपयोगी आहे. सिंगापूरच्या कंपनीचे हे सॉफ्टवेअर मोबाईलवर आणि इंटरनेटच्या ब्राउझरमध्ये चालते, आणि त्याची मूळ सोय विनामूल्य आहे. बेळगावच्या भावाने गिटार वाजवावी आणि इंदूरच्या बहिणीने त्यावर गावे, हे त्यात साधते. मात्र काम दूरच्या संगणकावर साठविले जात असल्याने चांगले इंटरनेट हवे, आणि आपली प्रत वेळोवेळी घरी उतरवून घ्यावयास हवी.

शेवटची पायरी रीपर. विनॅम्प हे गाणी वाजविणारे लोकप्रिय सॉफ्टवेअर ज्याने घडविले, त्या जस्टिन फ्रँकेलच्या कंपनीचे हे काम. साठ दिवस ते पूर्णपणे वापरून पाहता येते. त्यानंतर वैयक्तिक वापराचा परवाना ६० डॉलरना मिळतो. व्यावसायिकांचेही त्यावर भागते, आणि तरीही ते साध्या संगणकावर हलकेच चालते. परंतु पहिल्या दिवशी त्याचा पडदा पाहून नवशिका बावरतो. ऑडॅसिटीवर वर्षभर हात बसल्यावर, आणि त्याची मर्यादा खरोखर अडू लागल्यावर, ह्याकडे वळावे.

येथे एक गोष्ट मुख्याध्यापकाच्या नात्याने सांगणे माझे कर्तव्य आहे. महागड्या सॉफ्टवेअरच्या चोरीच्या प्रती पेन ड्राइव्हवरून हातोहात फिरत असतात. त्यांच्याबरोबर संगणकाला विषाणू येतात, हा भाग वेगळा. परंतु जी विद्या शिकावयाची तिच्या पहिल्या पानावरच चोरी कशाला असावी? प्रामाणिकपणे फुकट मिळणारे इतके उपलब्ध असताना तर ह्या चोरीला गरजेची सबबही राहत नाही.

एका संध्याकाळची परीक्षा

दोन सॉफ्टवेअरांत मन अडकले असेल, तर दोन्हींची एकाच संध्याकाळी परीक्षा घ्यावी. घड्याळ समोर ठेवावे. संगणक सुरू झाल्यापासून पहिला स्वर मुद्रित होईपर्यंत किती मिनिटे गेली? त्यावर दुसरा ट्रॅक चढविला तेव्हा दोन्ही एका लयीत बसले का? मधलीच एक ओळ बदलता आली का? तयार गाणे आईच्या फोनवर पाठविता आले का? आणि दुसऱ्या दिवशी, कोणालाही न विचारता, हे सारे पुन्हा करता आले का? शेवटच्या प्रश्नाला गुण सर्वांत अधिक द्यावेत. जे सॉफ्टवेअर आठवणीत राहते ते सोपे. मग त्याच्या पडद्यावर बटणे कितीही असोत.

खोली, माइक आणि खर्चाचा क्रम

सॉफ्टवेअर बदलून ध्वनी सुधारतो हा एक गोड गैरसमज आहे. आकडे साठविण्याच्या कामात सर्व चांगली सॉफ्टवेअरे जवळजवळ सारखीच असतात. फरक पडतो तो खोलीने आणि माइकच्या जागेने. उघड्या भिंतींच्या खोलीत ध्वनी घुमतो. कपड्यांनी भरलेले कपाट, जाड पडदे, पलंगावरची गादी आणि दोरीवर टाकलेल्या दोन गोधड्या ह्यांनी तो आवरतो. पंखा बंद करावा, फ्रिजपासून दूर बसावे.

माइक गिटारीच्या पोटावरील गोल छिद्रासमोर धरण्याची प्रथा सार्वत्रिक आहे, आणि ती चुकीची आहे. तेथून खर्जाचा नुसता घुमारा येतो. दांडी जेथे पोटाला मिळते त्याच्या आसपास, बाराव्या पडद्याच्या दिशेने, वीतभर ते फूटभर अंतरावर माइक ठेवावा आणि दोन-तीन जागा ऐकून पाहाव्यात. पडद्यावरील पातळीची पट्टी तांबडी होऊ देऊ नये. एकदा फाटलेला आवाज कोणत्याही सॉफ्टवेअरने सांधता येत नाही.

खर्च करावयाचाच झाला, तर क्रम असा असावा: प्रथम नव्या तारा, मग वायरचे चांगले हेडफोन, त्यानंतर माइक व गिटार संगणकाला जोडणारे इंटरफेस नावाचे लहान यंत्र आणि एक साधा माइक, आणि सर्वांत शेवटी विकतचे सॉफ्टवेअर. इंटरफेस घेताना त्यावर गिटारीची वायर थेट जोडण्याची सोय आणि कंडेन्सर माइकला लागणारा ४८ व्होल्टचा पुरवठा आहे की नाही, एवढे पाहिले की नवशिक्याचे काम भागते.

जपणूक

वहीची पाने सुटी झाली तर वही राहत नाही. प्रत्येक फाईलला तारीख आणि गाण्याचे नाव द्यावे. मूळ मुद्रण 'वेव्ह' प्रकारात ठेवावे. पाठविण्यापुरती 'एमपीथ्री' प्रत काढावी, कारण ती लहान करताना ध्वनीतील काही भाग कायमचा गाळला जातो. सेकंदाला ४८,००० मोजमापे आणि २४ बिटांची सूक्ष्मता धरली, तर एका ट्रॅकच्या एका मिनिटाला साडेआठ मेगाबाइटांहून थोडी अधिक जागा लागते. चार ट्रॅकांचे चार मिनिटांचे गाणे सुमारे १३८ मेगाबाइटांत मावते. म्हणजे वर्षभराचा सराव एका पेन ड्राइव्हवर सहज राहील. मात्र एक प्रत संगणकावर आणि दुसरी त्याच्या बाहेर, हा नियम मोडू नये.

ह्या जपणुकीचे मोल आपल्या संगीताने फार महाग दराने शिकून घेतले आहे. भारतात ग्रामोफोनसाठी ध्वनिमुद्रण १९०२ साली सुरू झाले. गायनाचार्य भास्करबुवा बखले १९२२ साली निवर्तले. मधली वीस वर्षे हाताशी असूनही त्यांचा आवाज आज आपल्याला ऐकावयास मिळत नाही. शिष्यांच्या आठवणींवरच समाधान मानावे लागते. आपल्या घरातील मुलगा बखले नव्हे, हे खरे. परंतु त्याच्या गिटारीवर आजी जी ओवी गुणगुणते, काका जे भावगीत आळवतात, ते त्या घरापुरते तरी अमोल असते, आणि ते टिपून घेणारे साधन आता प्रत्येकाच्या खिशात आहे.

तेव्हा पालकांना एवढीच विनंती की, "कोणते सॉफ्टवेअर घेऊ?" असे मुलाने विचारले, तर "आधी काय वाजवलेस ते ऐकव" असे म्हणावे, आणि खरोखरच पाच मिनिटे बसून ऐकावे. ते ऐकविण्यासाठी जे लागेल, तेवढेच पुढे घ्यावयाचे आहे.